मनापासूनचं इंग्रजी

कुणी स्वतःविषयी "मी अगदी तळमळीनं काम करतो" असं बोलायला लागलं, की मला उठून आत जावंसं वाटतं. आमच्याकडे असं बोलणारा माणूस निवडणुकीला तरी उभा असतो, नाहीतर आपला विमा उतरवायला तरी आलेला असतो. कळकळ, तळमळ, पोटतिडीक हे शब्द मराठीत दुसऱ्यानं आपल्याविषयी वापरायचे असतात, आणि तेही शक्यतो आपल्या माघारी. "बाई बिचारी जीव ओतून करायची हो," हे वाक्य मी आजवर फक्त तेराव्याला ऐकलंय. ज्या बाईविषयी बोलत असतात, तिला ते जिवंतपणी कुणी ऐकवलेलं नसतं.

इंग्रजीत तसं नसतं म्हणे. तिथे आपलं मन आपणच ताटात काढून समोर ठेवायचं असतं. हे आम्हाला सोसायटीतल्या एका सरांनी सांगितलं आणि आम्ही नवराबायकोनं ते खरं मानलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं असतील. आम्ही सुरतेत उधन्याला राहायचो. आमचे हे एका डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये डिस्पॅचला होते. छापून आलेल्या साड्यांचे ताके मोजून, बांधून, गाडीत चढवून पार्टीकडे रवाना करायचे, हे त्यांचं काम. मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेली. सुरतेत त्या बी. ए.चा उपयोग काय, तर भाजीवालीशी गुजरातीत भांडताना मी एकही शब्द चुकत नसे. सासूबाई आमच्याजवळ असत. त्या घरात अहिराणीच बोलायच्या, हे त्यांच्याशी अहिराणी आणि माझ्याशी मराठी, आणि आमची चार वर्षांची लेक सगळ्यांशी गल्लीतली हिंदी. असा आमचा कारभार होता.

लेकीला इंग्रजी शाळेत घालायचं, हे यांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवलेलं. मराठी शाळा आमच्या मागच्याच गल्लीत होती. प्रार्थनेचा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. मी म्हटलं, "अहो, इतक्या जवळ शाळा सोडून गावभर कशाला हिंडायचं?" तर यांनी मान वळवली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मिलमध्ये बाहेरगावच्या पार्टीचा फोन आला ना, की मी हॅलो म्हणतो आणि त्या कालच्या पोराच्या हातात रिसीव्हर देतो. रोज देतो." एवढंच. मी पुन्हा मराठी शाळेचं नाव काढलं नाही.

जी शाळा त्यांनी हेरली होती ती शहरात, नदीच्या बाजूला, एका मोठ्या बंगल्यात भरायची. तिथे पोरांच्या आधी आईबापांचा इंटरव्ह्यू घेतात, असं कळलं. झालं! यांची झोपच उडाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या ओळीत एक सर राहायचे. खरं तर ते मास्तर नव्हतेच, कुठल्याशा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पण संध्याकाळी ओट्यावर बसून पोरांना इंग्रजी शिकवायचे, म्हणून सर. आम्ही दोघं रोज दिवेलागणीला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो. आजूबाजूला सातवीतली पोरं आणि त्यांच्यात हे आपले मांडी घालून. मला इतकी लाज वाटायची की मी पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायची. पोरांना वाटायचं, काकू किती सोवळ्या!

सरांची इंग्रजीविषयी स्वतःची मतं होती. "इंग्रजीत क्रियापद नागडं ठेवायचं नाही," ते ठणकावून सांगायचे. "मी काम करतो. अहो, काम तर बैलही करतो! कसं करतो? सिन्सिअरली करतो. डिलिजंटली करतो. त्याला काहीतरी नेसवा, मग तो शब्द चारचौघांत न्या." मग एकेक वस्त्र काढून आम्हाला द्यायचे. सिन्सिअरली म्हणजे प्रामाणिकपणे. डिलिजंटली म्हणजे झटून. अर्नेस्टली म्हणजे कळकळीनं. होलहार्टेडली म्हणजे अगदी सगळ्या काळजापासून. हम्बली आणि रिस्पेक्टफुली हे तर त्यांचे लाडके, त्यांच्या उभ्या नोकरीत एकही कागद या दोघांशिवाय साहेबाच्या टेबलावर गेला नव्हता म्हणे. पॅशनेटली सांगताना मात्र त्यांनी घशात खाकरून घराच्या खिडकीकडे बघितलं, आत सूनबाई होत्या. "हा शब्द जरा जपून," एवढंच बोलले आणि पुढे गेले.

घरी आल्यावर आमची तालीम चालायची. मी पोळ्या लाटायची आणि हे ओट्याला टेकून उभे राहून मॅडम व्हायचे. "व्हॉट डू यू डू?" मी म्हणायची, "आय होलहार्टेडली कुक." आणि मला हसू फुटायचं ते थांबायचंच नाही, लाटणं खाली ठेवावं लागायचं. कारण सगळ्या काळजापासून काय करत होते, तर गवारीची भाजी! आतून सासूबाई ओरडायच्या, "दोन्हीबी येडा व्हयी ग्यात!" दोघांनाही वेड लागलंय, ही त्यांची खात्री झालेली. हे मात्र चिडायचे. "हसू नकोस गं. तिथं हसलीस तर पोरीचं वाटोळं होईल." मग मी तोंडात पदर कोंबून पुन्हा सुरुवातीपासून म्हणायची.

एकदा मी मॅडम झाले आणि त्यांना विचारलं, "टेल अबाऊट युवर फॅमिली." सरांनी यावर एक वाक्य बसवून दिलेलं होतं. यांनी प्रेशर कुकरकडे बघितलं, आणि कुकरलाच सांगितलं, "आय लव्ह माय फॅमिली पॅशनेटली." आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झालेली. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून "भाजी बरी झालीय" यापलीकडे कौतुकाचं अक्षर निघालेलं नव्हतं. माझे कान तापले. मी पीठ मळायला घेतलं, मळून झालेलंच पीठ पुन्हा मळलं. तेही उठून विनाकारण बाहेर जाऊन आले. ते वाक्य नंतर आम्ही तालमीत घेतलं नाही. न बोलताच गाळून टाकलं.

आणि तरी सांगते, हे जे काही करत होते ते खरोखर झटून करत होते. आंघोळ करताना पुटपुटत, सायकल चालवताना पुटपुटत. मिलमध्ये ताके मोजताना मध्येच अर्नेस्टली आठवायचं आणि मोजणी चुकायची, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मला वाटायचं, देवा, एवढं माणूस एखाद्या गोष्टीमागे लागतं तेव्हा ती पदरात पडावी रे. माझी मराठी शाळा मी केव्हाच मनातून पुसून टाकलेली. पोरीला त्या बंगल्यात जागा मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर हा माणूस मनातून मोडेल, एवढंच मला दिसत होतं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी यांनी लग्नातल्यासारखी तयारी केली. पांढरा बुशशर्ट, केसांना तेल, खिशाला पेन. मला म्हणाले, "ती मोरपंखी नेस." ती साडी त्यांच्याच मिलची, छपाईत काठाला जरा डाग पडलेली, म्हणून कामगारांना स्वस्तात दिलेली. डाग निऱ्यांच्या आत जाईल अशी नेसले. लेकीला नवा फ्रॉक. शटल रिक्षात दोन बाया आणि त्यांच्या भाजीच्या पिशव्यांमध्ये चेंगरून आम्ही निघालो. वाटेत यांनी दोनदा रुमालानं तोंड पुसलं. एप्रिलचं ऊन होतं, पण तो घाम उन्हाचा नव्हता.

आत पंखा होता, काचेच्या टेबलामागे दोन मॅडम होत्या. मोठ्या मॅडम म्हणजे प्रिन्सिपॉल, पण वयानं माझ्याहून लहानच असतील. दुसऱ्या शिक्षिका. दोघींनी लेकीला जवळ बोलावलं, रंग विचारले, बोटं मोजायला लावली. आमची कार्टी पहिल्यापासून धीट. तिनं रंग सांगितले आणि वर मॅडमच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून "ये मेरेको दोगे?" असं विचारलं. दोघी खूष झाल्या. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, निम्मं झालं.

मग मोठ्या मॅडमनी यांच्याकडे बघून साधंच विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू, सर?"

हे उठून उभे राहिले. बसून उत्तर द्यायचं असतं हे सरांनी सांगितलेलं नव्हतं, कारण सरांच्या कचेरीत साहेबापुढे कुणी बसत नसे. दोन्ही हात पोटावर बांधले, नजर मॅडमच्या डोक्यावरच्या भिंतीवर लावली आणि सुरुवात केली. "रिस्पेक्टेड मॅडम. विथ ड्यू रिस्पेक्ट आय मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली बेग टू स्टेट..."

मला इंग्रजी फार येत नव्हतं, पण एवढं कळलं की हा अर्ज आहे. हा कागदावर लिहायचा मजकूर आहे, आणि हे तो तोंडानं बोलतायत. सरांनी आम्हाला जे इंग्रजी दिलं होतं ते सगळं अर्जातलं होतं. त्यांनाही दुसरं येत नव्हतं. मोठ्या माणसाशी इंग्रजीत बोलायचं म्हणजे त्याला अर्ज करायचा, हेच त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, आणि आम्ही तेच डोळे झाकून उचललं होतं.

हे थांबायला तयार नव्हते. मी डिस्पॅच डिपार्टमेंटमध्ये डिलिजंटली आणि सिन्सिअरली काम करतो, माझी मुलगी होलहार्टेडली अभ्यास करेल, तरी आपण कृपावंत होऊन तिला प्रवेश द्यावा अशी मी अर्नेस्टली प्रार्थना करतो, या उपकाराबद्दल मी आपला सदैव ऋणी राहीन. सगळं इंग्रजीत, एकही शब्द न अडखळता. इतकं स्वच्छ ते तालमीतसुद्धा कधी बोलले नव्हते. शेवटी "थँकिंग यू" झालं. मला वाटलं, सुटलो. तर पुढे "युवर्स फेथफुली" झालं, आणि मग क्षणभर थांबून, खाली सही करावी तसं, त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव आडनावासकट उच्चारलं.

शिक्षिकाबाईंनी रुमाल तोंडावर धरला. मोठ्या मॅडमनी आधी ओठ दाबून बघितले, मग त्यांच्याही खांद्यांना हिसका बसला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं मात्र, आणि हसू सुटलं. लेक त्यांच्या मध्ये उभी होती. तिनं एकदा या मॅडमकडे बघितलं, एकदा त्या मॅडमकडे, आणि खदखदून हसली. टाळ्या वाजवल्या. बापाकडे बोट करून हसली.

आणि हेही हसले! त्यांना वाटलं, पसंत पडलं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. घाम फुटलेल्या तेलकट चेहऱ्यानं तो माणूस त्या दोघींबरोबर आनंदानं हसत होता, पोटावरचे हात अजून सोडले नव्हते. कुणाची लाज वाटत होती मला? त्यांची वाटत होती, खोटं कशाला बोलू. त्यांची वाटते याची त्याहून जास्त वाटत होती. आणि त्या दोघींच्या झिंज्या उपटाव्यात असंही वाटत होतं. सगळं एकदम, त्यामुळे मी नुसतीच बसून राहिले.

मॅडमनी डोळे टिपले आणि माझ्याकडे वळल्या. मुलीचा अभ्यास घरी कोण घेणार, असं काहीतरी विचारलं. माझं वाक्य तयार होतं. आय विल होलहार्टेडली टीच माय डॉटर. रोज घोकलेलं. तोंड उघडलं, पण आता त्या शब्दाला हात लावायची हिंमत होईना. तो उच्चारला तर पुन्हा तो रुमाल वर जाईल, पुन्हा माझी लेक टाळ्या पिटेल. मी म्हटलं, "पढाऊँगी." बस. बी. ए. झालेली बाई, घरात जीभ कात्रीसारखी चालणारी, आणि तिथे एक शब्द. "हिंदी में बोलिए, कोई बात नहीं," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. मी म्हटलं, मी बोलले की हो हिंदीतच. पण तेही मनातल्या मनात.

यांना फॉर्म आणायला बाहेर क्लार्ककडे पाठवलं. ते गेले तसं मॅडमनी मला खूण करून जवळ बोलावलं. आवाज खाली आणला. हिंदीत म्हणाल्या, बच्ची बहुत होशियार आहे, आम्ही घेतोय तिला. पण एक सांगू का, बुरा मत मानना. दर महिन्याला शनिवारी पालकांची मीटिंग असते, तिला तुम्ही येत जा. फादरना नका आणू. बाकीचे पालक असतात, बच्ची को अच्छा नहीं लगेगा. वाईट बाई नव्हत्या हो त्या. शेजारीण सांगते ना, तुमच्या परकराची नाडी लोंबतेय म्हणून, तशा काळजीनं सांगत होत्या. मी काय म्हणाले? "जी" म्हणाले. नाही म्हटलं असतं तर जागा गेली असती, ही भीती होतीच. पण त्या क्षणी भीतीचा विचारही नव्हता, "जी" आपोआप आलं.

परत येताना यांचे पाय जमिनीवर नव्हते. लेकीला खांद्यावर घेतलेलं. "बघितलंस? मॅडम हसल्या! आधी किती कडक बसल्या होत्या, आणि शेवटी कशा मोकळ्या झाल्या! सर म्हणतात ते खोटं नाही. मनापासून बोललेलं समोरच्याला पोचतं." मी म्हटलं, "हो." वाटेत उतरून खमण घेतलं, मिलमधल्या लोकांना पेढे घेतले, सरांसाठी वेगळा पुडा. सर तर गहिवरले. त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "भाषा कुठलीही असो, भाव पाहिजे." मी मागे उभी होते, मोरपंखी साडीत.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शाळा सुरू झाली. पहिली मीटिंग आली तेव्हा यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बुशशर्ट इस्त्रीला दिला. मी म्हटलं, "अहो, फक्त आयांनाच बोलावलंय." "असं का?" म्हणाले, आणि रजा रद्द केली. दुसऱ्या महिन्यात पुन्हा विचारलं, "याही वेळी आयाच?" म्हटलं, "त्यांचा नियमच आहे तो." आणि तिथे जाऊन बघते तर निम्म्या खुर्च्यांवर बाप. टायवाले, मोटारीच्या किल्ल्या बोटात फिरवणारे. मी मागच्या भिंतीशी बसायची, लेकीची वही बघायची, "व्हेरी गुड" ऐकायची आणि निघायची. घरी आले की हे सगळं खोदून खोदून विचारायचे. मॅडम काय म्हणाल्या, माझी आठवण काढली का? मी म्हणायची, काढली की.

खरा ताप पुढेच होता. यांच्या पोरीला जागा मिळाली ही बातमी फिरली, आणि दुसऱ्या वर्षी मार्चपासून लोक यायला लागले. इंटरव्ह्यूत काय बोलायचं, शिकवा. आमच्या ओट्यावर हे सर होऊन बसले! "काम करतो म्हणायचं नाही, डिलिजंटली काम करतो म्हणायचं," असं सांगताना आवाजही सरांसारखाच. मी आतून भांडी आपटायची. सासूबाई म्हणायच्या, "त्या भांडासनी तुनं काय घोडं मारं?" एकदा धीर करून म्हटलं, "अहो, प्रत्येकाला तेच कशाला शिकवता? साधं आपल्या हिंदीत बोलले तरी चालतं." तर म्हणाले, "तुला काय माहीत? तू तर तिथं एका शब्दाच्या पुढं गेली नाहीस." खरंच होतं ते.

त्यांतला एकजण सुरतेतच, डिंडोलीत राहायचा. लूमवर काम करायचा, आमच्याच बाजूचा, खानदेशातला. पोरगा फार हुशार म्हणून त्याचीही त्याच शाळेवर नजर. पाळी संपली की कानात कापसाचे धागे अडकलेले तसाच यायचा, आणि हे शब्द पाठ करून जायचा. त्याच्यासाठी यांनी फार कष्ट घेतले. उभं कसं राहायचं हेसुद्धा दाखवलं.

इंटरव्ह्यू झाल्यावर तो संध्याकाळी आला. मी पडद्याआड चहा टाकत होते. त्याचा आवाज पडलेला होता. "नाही झालं, भाऊ," तो म्हणाला. "पोराला रंगबिंग सगळे आले. पण मी आपलं ते सुरू केलं, तुम्ही सांगितल्यासारखं, तर त्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठी मॅडम हिंदीत म्हणते, ही अर्जी कोण शिकवतं तुम्हा लोकांना? मागच्या वर्षी असाच एक फादर आला होता. आम्ही दिवसभर हसत होतो. मग म्हणे, पोराला हिंदी शाळेत टाका, इथे त्याला जड जाईल."

उकळलेला चहा वर आला आणि उतू गेला. मी स्टोव्ह बंद केला नाही. मग पडद्यापलीकडून यांचा आवाज आला, "असं?" पुन्हा थोड्या वेळानं, "माझ्यामुळे तुझ्या पोराचं नुकसान झालं रे." तो म्हणत होता, नाही भाऊ, तुम्ही मनापासून शिकवलंत, आमचंच नशीब. त्यानं तसं म्हटलं ते आणखीच वाईट झालं. मी उरलेला चहा दोन कपांत घालून बाहेर नेला. यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कप घेतला, म्हणाले, "साखर कमी आहे." साखर नेहमीइतकीच होती.

त्यानंतर ओट्यावर कुणी शिकायला आलं तर हे सांगायचे, मला वेळ नाही, सरांकडे जा. माझ्याशी या विषयावर एक शब्द काढला नाही. तुला माहीत होतं का, असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी रडून, भांडून, पाया पडून काहीतरी केलं असतं. मी वाट बघत राहिले, की आज विचारतील, उद्या विचारतील. जेवताना लेक शाळेतलं इंग्रजी बोलायची, तेव्हा पूर्वी हे तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावायचे. आता नुसते ऐकायचे.

मग मीटिंगचा शनिवार आला. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांनीच सासूबाईंना सांगितलं होतं, की मिलच्या बॉयलरचं काम निघालंय, उद्या मिल बंद. मी ऐकलं होतं. सकाळी मी साडी नेसत होते, लेक बूट घालत होती. ती म्हणाली, "पप्पा, सब के पप्पा आते हैं. आप भी आओ ना." मी आरशातून बघितलं. हे तिच्यापुढे गुडघ्यावर बसले, तिच्या बुटाची नाडी बांधली आणि म्हणाले, "मला काम आहे, बेटा. मिल चालू आहे आज."

मग उठले, चपला घातल्या, आणि दारात उभे राहून मला म्हणाले, "डबा?"

मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या झालेल्या होत्या. भाजी घातली, वर लोणच्याची फोड ठेवली, झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सायकलला अडकवला आणि गेले. संध्याकाळी नेहमीच्या वेळेला परत आले, डबा रिकामा होता. दिवसभर कुठे बसला होतात, हे मला विचारता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.